वीज काढून घेतलेलें पाणी



मी शाळामास्तर आहें, इंजिनिअर नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपाशीं थांबलें, आणि पुढील सारी हयात मुलांना गणित व सृष्टिविज्ञान शिकविण्यांत गेली. तेव्हां जलशक्तीच्या यंत्रांविषयीं नभोवाणीवरून बोलण्याचा अधिकार ह्या गृहस्थास कोणीं दिला, अशी शंका आपणांस येणें साहजिक आहे. अधिकार नाहींच. परंतु एका प्रश्नाचें ऋण पुष्कळ वर्षें माझ्या डोक्यावर आहे, तें आज फेडावयाचें आहे.

चिपळूणच्या बाजूस एका शाळेंत असतांना मी मुलांची सहल घेऊन पोफळीकडे गेलों होतों. कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतील वीजघरांतून फिरून ज्या ठिकाणीं पुन्हां उजेडांत येतें, तेथें आम्ही उभे होतों. एका मुलाचे आजोबा हौसेनें आमच्यासंगें आले होते; जन्मभर भातशेती केलेला माणूस. पाण्याकडे बराच वेळ पाहून ते मला म्हणाले, “गुरुजी, ह्या पाण्यांतली वीज वर डोंगरांतच काढून घेतात म्हणे. मग हा राहिला तो चोथाच कीं! हें पाणी भाताला मानवेल काय?”

मुलें हसलीं. सांगावयास लाज वाटते, पण मीही हसलों आणि म्हणालों, “अहो आजोबा, वीज म्हणजे कांहीं उंसाचा रस नव्हे. वर होतें तेंच पाणी खालीं आहे. त्यांतून कांहींएक काढलेलें नाहीं.” आजोबा हसले नाहींत. त्यांनीं शांतपणें विचारलें, “कांहींच काढलें नाहीं, तर मग मुंबईचे दिवे कशावर जळतात?”

ह्यावर मी दाब, वेग, चुंबक असे चार शब्द घाईनें बोललों आणि मुलांना रांगेंत उभें राहण्यास सांगितलें. फळ्यावर सूत्र लिहिणें निराळें आणि विचारलेल्या प्रश्नास उत्तर देणें निराळें. त्या दिवशीं आजोबांचें म्हणणें माझ्यापेक्षां अधिक खरें होतें. पाण्यांतून कांहींतरी काढलेलें असतें. तें काय, आणि कोणकोणत्या युक्तीनें काढतात, एवढेंच आज सांगतों.

पाण्यांतून काढून घेतात ती त्याची उंची. हें वाक्य ऐकावयास विचित्र वाटेल, म्हणून घरांतलेंच उदाहरण घेऊं. आपल्या गच्चीवर हजार लिटरांची टांकी असेल. ती भरण्यास पंप चालवावा लागतो आणि त्याची वीज महिन्याच्या बिलांत दिसते. पंपानें खर्चिलेली ती शक्ति नाहींशी होत नाहीं. उंचावर चढलेल्या पाण्याच्या ठिकाणीं ती ठेवीसारखी शिल्लक राहते, आणि पाणी खालीं येतांना ती परत मागतां येते. मात्र चारमजली घराच्या उंचीची ठेव फारच लहान. ती सारी टांकी खालीं सोडून वीज केली, तर दहा वॅटचा एक दिवा सुमारें तीन तास जळेल, अधिक नाहीं. तीच टांकी पांचशें मीटर उंचीच्या कड्यावर ठेवून रिती केली, तर घट वजा जातां सुमारें सव्वा युनिट वीज हातीं लागेल. सह्याद्रीच्या माथ्यावरचे तलाव म्हणजे अशा असंख्य टांक्या होत. त्या भरण्याचें बिल सूर्य भरतो. समुद्राचें पाणी वाफ करून उचलतो आणि पावसाकरवीं घाटमाथ्यावर आणून ओततो.

म्हणून जलविद्युतेंत दोनच गोष्टी मोजावयाच्या: पाणी किती उंचीवरून पडतें, आणि दर सेकंदास किती पडतें. त्यांचा गुणाकार केला कीं शक्ति निघते. दर सेकंदास १ घनमीटर पाणी १०० मीटर पडलें, तरी पूर्ण हिशेबानें ९८१ किलोवॅट. आणि १० घनमीटर पाणी १० मीटर पडलें, तरीही तेवढेच. गुणाकार एकच, परंतु पाण्याचे स्वभाव किती भिन्न! पहिलें अंगानें सडपातळ पण तिखट. दुसरें लठ्ठ, संथ आणि शांत. ह्या दोघांना एकाच चाकाला जुंपूं म्हटलें, तर तें साधत नाहीं. टर्बाइनचे जे प्रकार झाले ते ह्याच कारणानें झाले. एका शोधकानें दुसऱ्यावर मात केली, असा तो इतिहास नव्हे.

पाण्यानें चाक फिरविणें आपणांस नवें नाहीं. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, पाणचक्की पाहिली नाहीं असा प्रवासी विरळा. दूरच्या डोंगरांतील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून आणून तेथें जातें फिरविलें जाई. युरोपांत तर पाण्याचीं प्रचंड लांकडी चाकें शतकानुशतकें दळण दळीत आणि लोखंड ठोकीत होतीं. परंतु तीं चाकें जड, चालीनें मंद. आणि चाकाच्या व्यासापेक्षां फार मोठी उंची त्यांच्या आंवाक्यांत येत नसे. कारखान्यांचें युग उजाडल्यावर ह्या मंदपणाचा कंटाळा येऊं लागला.

फ्रान्समध्यें क्लोद ब्युर्दें नांवाच्या एका अध्यापकानें १८२२ सालीं नव्या तऱ्हेच्या चाकाची कल्पना मांडली आणि त्यासाठीं लॅटिन भाषेतील ‘तुर्बो’ ह्या शब्दावरून ‘टर्बाइन’ असें नांव बनविलें. लॅटिनांत तुर्बो म्हणजे मुलांनीं फिरवावयाचा भोवरा, आणि गरगर फिरणारी वावटळही. आपल्या मराठींत ‘भोवरा’ हा शब्द खेळण्यालाही लागतो आणि नदींतील आवर्तालाही. मला तर वाटतें, ह्या यंत्राला ‘जलचक्र’ वगैरे भारदस्त नांवें देण्यापेक्षां भोवरा म्हटलें असतें, तर मुलांना तें चटकन् समजलें असतें. असो. कल्पना गुरूची, पण यंत्र केलें शिष्यानें. बेनुआ फुर्नेरों ह्या तरुणानें १८२७ सालीं सहा अश्वशक्तीचें पहिलें टर्बाइन फिरवून दाखविलें. पुढें दहा वर्षांनीं जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागांत त्यानें १०८ मीटर उंचीच्या पाण्यावर एक टर्बाइन बसविलें. चाक सुमारें फूटभर रुंदीचें, शक्ति ६० अश्वांची, आणि फेरे मिनिटाला २३०० असें त्याचें वर्णन आहे. जेथें पूर्वीं घराएवढें चाक लागलें असतें, तेथें पोळपाटाएवढें पुरलें. लोकांनीं तोंडांत बोटें घातलीं असतील.

आतां आपल्या घाटांत येऊं. खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें. लोणावळें, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचें पाणी नळांतून पांचशें मीटरांहून अधिक खालीं आणून टाटांच्या कंपनीनें मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली. मागून १९२२ सालीं भिवपुरी आणि १९२७ सालीं भिरा हीं वीजघरें झालीं. भिऱ्यासाठीं मुळशीचें खोरें बुडालें, आणि १९२१ सालीं तेथील मावळ्यांनीं जो सत्याग्रह आरंभिला, ज्यांत सेनापति बापट अग्रभागीं होते, तो आपल्या इतिहासांत नमूद आहे. वीज स्वस्त पडली असें म्हणतांना ती कोणाला स्वस्त पडली, हेंही विचारावें लागतें.

ह्या घाटांतील पाणी तें सडपातळ आणि तिखट पाणी. पावणेपांचशें मीटर खालीं उतरलेल्या नळाच्या टोंकाशीं तोटी बसविली, तर धार सेकंदास सुमारें ९६ मीटर वेगानें, म्हणजे तासास ३४० किलोमीटरांहून अधिक वेगानें बाहेर पडते. अशा धारेचें काय करावें? पहिला विचार असा सुचतो कीं, चाकाला सपाट फळ्या लावाव्या आणि धार त्यांवर आदळूं द्यावी. पण त्यानें अर्धी शक्ति वायां जाते. पाणी फळीवर आपटून चहूंकडे उडतें आणि उडतांना वेग बरोबर घेऊन जातें.

येथें युक्ति लढविली लेस्टर पेल्टन ह्या अमेरिकन सुतारकाम करणाऱ्या कारागिरानें. सोन्याच्या शोधांत तो १८५० सालीं कॅलिफोर्नियास गेला. सोनें कांहीं विशेष सांपडलें नाहीं, पण खाणींतील दगड चिरडणारीं पाण्याचीं चाकें तो दुरुस्त करीत असे. सांगतात कीं, एकदां एका चाकाची खुंटी सैल होऊन चाक सरकलें आणि धार वाटीच्या मध्यभागीं न लागतां कडेला लागूं लागली. तों चाक अधिकच जोरानें फिरलें. गोष्ट खरी असो वा रचलेली, युक्ति मात्र खरी. पेल्टननें जोडवाट्या केल्या. दोन वाट्या एकमेकींस चिकटवून ठेवाव्या, मध्यें सुरीसारखा कंगोरा असावा, आणि धार नेमकी त्या कंगोऱ्यावर पडावी. मग ती दुभंगते, दोन्ही वाट्यांच्या पोटांतून वळसा घेते आणि जवळजवळ आल्या दिशेनें परत फिरते. १८८० सालीं त्यानें ह्याचें पेटंट घेतलें, आणि १८८३ सालीं झालेल्या चांचणींत त्याच्या चाकानें पाण्यांतील शेंकडा ९० हून अधिक शक्ति वसूल केली. खुंटी, सुतार आणि वाट्या, एवढ्यावर!

परत फिरविल्यानें काय होतें, हें मी मुलांना चेंडूवरून सांगत असें. समजा, एक गाडी तासास ४० मैलांच्या वेगानें आपणांपासून दूर जात आहे. मागून आपण ८० मैलांच्या वेगानें चेंडू तिच्या पाठीवर मारला. गाडींतल्या माणसाला तो ४० च्या वेगानें आलेला दिसेल आणि आपटून ४० च्याच वेगानें मागें जातांना दिसेल. परंतु गाडी स्वतः ४० नें पुढें चालली आहे. म्हणून रस्त्यावर उभ्या असलेल्या आपणांस काय दिसेल? चेंडू जागच्या जागीं थांबला आणि टप्पकन् खालीं पडला. त्याचा सारा वेग गाडीनें घेतला! पेल्टनच्या वाट्याही म्हणूनच धारेच्या निम्म्याच्या आसपास वेगानें पळतील असें चाक बेतलेलें असतें. तासास ३४० किलोमीटरांनीं आलेलें पाणी वाटींतून सुटतें तें अगदीं मरगळून, चाकाखालच्या चरांत पडण्यापुरतें. आजोबांचा ‘चोथा’ तो हाच. पाणी चोथा होत नाहीं. त्याचा वेग चोथा होतो.

अशा यंत्राला थांबवावयाचें कसें, हाही एक मासलेवाईक प्रश्न आहे. घरांतला नळ एकदम बंद केला कीं भिंतींतील नळी ठक्‌ करून वाजते, हें आपण ऐकलें असेल. कोसभर लांबीच्या नळांतील पाणी असें एकाएकीं अडविलें, तर तो ठोका नळ फाडून टाकील. म्हणून तोटीच्या आंत भाल्याच्या पात्यासारखी एक निमुळती सुई असते. ती सावकाश पुढें सरकून धार बारीक करते. आणि शहरांत कोठें बिघाड होऊन विजेची मागणी क्षणांत बंद पडली, तर तोटीपुढें एक झडप येऊन धार तेवढ्यापुरती चाकावरून बाजूस वळविते. धार चालूच, फक्त चाकाला ती लागत नाहीं. डोंगरांत नळाच्या वरच्या अंगाला पाण्याला वर चढण्यास मोकळी अशी एक विहीरही ठेवतात, म्हणजे अडलेल्या पाण्याचा राग तिच्यांत जिरतो.

दुसऱ्या जातीचें चाक निराळ्या तत्त्वावर फिरतें. दिवाळींत मुलें भुईचक्र उडवितात. त्याला बाहेरून कोणी ढकलीत नाहीं. स्वतःच्या पोटांतून एका बाजूस ज्वाला सोडतें आणि त्याच्या उलट रेट्यानें आपण गरगर फिरतें. फ्रान्सिस टर्बाइनांत पाणी बव्हंशीं हेंच काम करतें. येथें मोकळ्या हवेंत धार नाहीं. शंखाच्या आकाराचें एक लोखंडी कवच असतें. त्यांतून पाणी चाकाभोंवतीं वळसा घालीत येतें, उभ्या पात्यांच्या कडें केलेल्या झांपांमधून आंत शिरतें, आणि दाबासकट चाकाच्या वांकड्या पात्यांतून पिळवटत मध्याकडे व मग खालीं निसटतें. दाबाचा उतार आणि दिशेचा पालट ह्या दोहोंचा रेटा चाकाला मिळतो. बाहेरचीं पातीं झांपेसारखीं उघडतां-मिटतां येतात. मागणी वाढली कीं उघडावीं, घटली कीं मिटावीं.

जेम्स फ्रान्सिस हा मूळचा इंग्रज. अठरा वर्षांचा असतां अमेरिकेंत गेला आणि मॅसॅच्युसेट्समधील लोवेल ह्या कापडगिरण्यांच्या गांवीं कालव्यांचा इंजिनिअर झाला. पाणी बाहेरून आंत वाहविण्याची कल्पना त्याच्या आधींही निघाली होती. परंतु १८४९ च्या सुमारास त्यानें जें केलें तें मला अधिक मोलाचें वाटतें. त्यानें पाणी मोजलें, फेरे मोजले, पात्यांचे कोन बदलून पुन्हां मोजलें, आणि शेंकडा ८८ पर्यंत फळ मिळविलें. पेल्टनपाशीं कारागिराची नजर होती, फ्रान्सिसपाशीं हिशेबनिसाची चिकाटी. मास्तर म्हणून माझा ओढा दुसऱ्याकडे आहे, हें कबूल करतों.

फ्रान्सिसच्या चाकाचा एक लाभ पेल्टनला मिळूं शकत नाहीं. पेल्टनचें चाक हवेंत फिरावें लागतें. तें खालच्या पाण्यांत बुडालें तर त्याचा घोटाळा होतो. म्हणून चाकापासून खालच्या पाण्यापर्यंतची जी कांहीं मीटरांची उंची, ती बुडीत खातीं जाते. फ्रान्सिसखालीं मात्र हळूहळू रुंद होत जाणारी बंद नळी असते. तिच्यांतील पाणी खालीं जातांना चाकामागें ओढ निर्माण करतें आणि ही शेवटची उंचीसुद्धां वसूल होते.

कोयनेवर ह्या दोन्ही चाकांची गांठ पडते, आणि मला तर ती एखाद्या धड्यासारखी वाटते. पोफळीच्या भूमिगत वीजघरांत पहिल्या दोन टप्प्यांचीं आठ यंत्रें आहेत. १९६२ पासून पुढें पांच-सहा वर्षांत तीं सुरू झालीं, आणि तीं सारीं पेल्टन जातीचीं. त्यांतून निघालेलें पाणी कोळकेवाडीच्या धरणांत अडवून शंभराहून अधिक मीटर आणखी खालीं उतरविलें. तेथें तिसऱ्या टप्प्यांत फ्रान्सिस आलें. इथपर्यंत पाठ्यपुस्तकाप्रमाणें: मोठ्या उंचीला पेल्टन, मधल्या उंचीला फ्रान्सिस. पण पुढें चौथा टप्पा झाला. १९९९ सालच्या मार्चांत शिवसागर जलाशयाच्या तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक सुरुंगानें उडविला आणि भरल्या तलावाला खालून तोंड पाडलें. ह्या टप्प्याची उंची पांचशें मीटरांच्या आसपास, पहिल्या दोहोंएवढीच किंबहुना कांकणभर अधिक. आणि तरीही तेथें २५० मेगावॅटचीं चार यंत्रें बसविलीं तीं फ्रान्सिस जातीचीं! तलाव तोच, कडा तोच, चाक मात्र बदललें. मधल्या काळांत पोलाद सुधारलें, पात्यांचे आकार अधिक कांटेकोर काढतां येऊं लागले, आणि पूर्वीं ज्या दाबाला फ्रान्सिसनें हात टेकले असते तो दाब तें पेलूं लागलें. शिवाय यंत्र आकारानें आटोपशीर होतें आणि खालची उंची फुकट जात नाहीं. चाकांच्या हद्दी डोंगरावर कोरलेल्या नसतात. त्या माणसाच्या कसबाबरोबर सरकतात.

परंतु फ्रान्सिसचा एक दोष आहे. पूर्ण भारावर तें सुरेख चालतें; मध्यम भारावर चाकाखालच्या नळींत पाण्याचा एक पिळदार भोवरा उठतो आणि सारें यंत्र थरथरूं लागतें. ह्या थरथरीनें काय होऊं शकतें, हें सैबेरियांतील सायानो-शुशेन्स्काया वीजघरानें १७ ऑगस्ट २००९ रोजीं दाखविलें. तेथें ६४० मेगावॅटचीं दहा फ्रान्सिस यंत्रें होतीं. दुसऱ्या क्रमांकाच्या यंत्राला मागणीप्रमाणें कमीजास्त होत त्या थरथरीच्या पट्ट्यांतून वारंवार जावें लागे. त्याचें झांकण आंवळून धरणारे बोल्ट आंतून हळूहळू चिरत गेले, आणि एका सकाळीं ते तुटले. शेंकडों टनांचें यंत्र पाण्याच्या दाबानें वर उडालें, वीजघर बुडालें आणि ७५ माणसें मेलीं. बोल्ट पाहिले असते तर चिरा दिसल्या असत्या. मोठ्या यंत्रांविषयीं बोलतांना आपण अश्वशक्ति सांगतों, मेगावॅट सांगतों; बोल्ट कोणी सांगत नाहीं.

आतां तें लठ्ठ आणि संथ पाणी. मैदानांतील नदीला उंची थोडी, पाणी अफाट. तेथें ऑस्ट्रियन प्राध्यापक व्हिक्टर कॅप्लान ह्याचें चाक लागतें. ब्रनो येथील तंत्रविद्यालयांत शिकवीत असतां त्यानें जहाजाच्या पंख्यासारखें चाक योजिलें. आपल्या छताच्या पंख्यालाच पाण्यांत बुडवून उलट कामाला लावलें असें समजा. पाणी पंख्याला फिरवितें. त्याची खरी खुबी अशी कीं, पंख्याचीं पातीं चालतां चालतां आपल्या आंसाभोंवतीं वळवितां येतात. पावसाळ्यांत लोट मोठा, उन्हाळ्यांत लहान. नावाडी वारा पाहून शीड वळवितो, तशीं हीं पातीं पाणी पाहून वळतात, आणि थोड्या पाण्यावरही यंत्र चांगलें चालतें. पहिलें व्यापारी यंत्र १९१९ सालीं चाललें. आपल्या खानदेशांतून वाहत जाणाऱ्या तापीवर पुढें गुजरातेंत उकाई येथें ७५ मेगावॅटचीं चार यंत्रें आहेत, तीं कॅप्लान जातीचीं.

कॅप्लानला आरंभीं फार मनस्ताप झाला तो एका विलक्षण रोगामुळें. पात्याच्या मागल्या बाजूस दाब इतका उतरतो कीं, पाणी थंड असूनही उकळतें! वाफेचे बारीक बुडबुडे उठतात, आणि पुढें दाब वाढतांच ते मिटतात. मिटतांना जो सूक्ष्म घण बसतो, त्यानें पोलादाला देवीच्या व्रणांसारखे खळगे पडतात. कांहीं महिन्यांत गुळगुळीत पातें चाळणीसारखें झालेलें लोकांनीं पाहिलें. फ्रान्सिसलाही हा रोग जडतो. उपाय म्हणजे चाक खालच्या पाण्याच्या पातळीपेक्षां खोल बसविणें, पात्यांचा बांक सुधारणें आणि चिवट मिश्रपोलाद वापरणें. समूळ नाश नाहीं.

ह्या तिघांखेरीज लहानसहान जाती आहेत. ऑस्ट्रेलियांतील मिचेल आणि हंगेरींतील बांकी ह्यांनीं स्वतंत्रपणें शोधिलेलें, पिंपासारख्या चाकांतून पाणी आरपार दोनदां जाणारें यंत्र डोंगराळ खेड्यांतील ओढ्यांना फार सोयीचें. गांवच्या लोहारशाळेंतही त्याची दुरुस्ती होऊं शकते. फ्रान्समध्यें रान्स नदीच्या मुखावर १९६६ पासून भरती-ओहोटीच्या पाण्यावर चोवीस यंत्रें चालतात. तीं कॅप्लानचींच आडवीं, कवचांत बसविलेलीं भावंडें.

आणि एक नवल आपल्याच घाटांत आहे. घाटघर येथें २००८ सालीं सुरू झालेलीं १२५ मेगावॅटचीं दोन फ्रान्सिस यंत्रें उलटींही फिरतात. मागणीच्या वेळीं वरच्या तलावाचें पाणी कोंकणाच्या अंगाला सोडून वीज करावयाची; आणि मागणी कमी झाली कीं दुसरीकडची वीज घेऊन तेंच चाक उलटें फिरवून तेंच पाणी पुन्हां डोंगरावर चढवावयाचें. चढविण्यास जेवढी वीज लागते, त्याहून उतरतांना कमी मिळते; हा धंदा तोट्याचाच. पण रात्रीची नकोशी वीज देऊन संध्याकाळची हवीशी वीज घेणें, हा तोटा सोसण्यासारखा असतो.

आतां आजोबांकडे परत येतों. हें पाणी भाताला मानवेल काय? निःसंशय मानवेल. टर्बाइनानें त्याची उंची घेतली, गोडवा नव्हे. वाशिष्ठीच्या कांठचे लोक तें वापरतातच. इतकें मी त्या दिवशीं सांगावयास हवें होतें.

पण त्यांचा आणखी एक प्रश्न होता. परत येतांना बसमध्यें ते माझ्या शेजारीं बसले आणि म्हणाले, “माझी धाकटी लेक घाटावर दिली आहे, आटपाडीकडे. तिकडे प्यायला पाणी नाहीं. ही कोयना मुळांत तिकडेच वाहायची ना, गुरुजी?”

होय. कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते आणि कृष्णा पूर्वेस जाते. डोंगर पोखरून आपण तिचें पाणी पश्चिमेकडे वळविलें, कारण पश्चिमेस पांचशें मीटरांचा कडा आहे. पूर्वेस धरणाच्या पायथ्याशींही लहानसें वीजघर आहे. पण धरणाचीच उंची १०३ मीटर, तेव्हां तेथें त्याच पाण्याला पश्चिमेच्या एक-पंचमांशाहून अधिक वीज मिळणें शक्य नाहीं. पहिल्या कृष्णा लवादानें पश्चिमेकडे वळवावयाच्या कोयनेच्या पाण्याला वर्षास ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. पावसानें ओढ दिलेल्या वर्षीं पश्चिमेची वीज आंखडती घेऊन पाणी पूर्वेस सोडावें लागतें, असें अनेकदां घडलें आहे.

आणि पूर्वेस सोडलेलें तें पाणी आटपाडीस आपोआप पोंचत नाहीं. कऱ्हाडाखालीं टेंभू येथें कृष्णेचें पाणी पंपांनीं उचलून टप्प्याटप्प्यानें चढवीत त्या दुष्काळी मुलखांत नेतात. ते पंप विजेवर चालतात. पंपांतलें चाक आणि फ्रान्सिसचें चाक हीं एकाच घराण्यांतलीं. एक पाण्यापासून उंची घेतें, दुसरें पाण्याला उंची देतें. आजोबांशीं बसमध्यें बोलत होतों तेव्हां टेंभूचें पाणी आटपाडीस पोंचलें नव्हतें. मी खिडकीबाहेर पाहत राहिलों. चिपळूण येईपर्यंत वाशिष्ठी भरलेलीच होती, आणि दिवस मे महिन्याचे होते.